चषकाचं झाकण

आमच्या भागातल्या शाळांचा खो-खोचा फिरता चषक म्हणजे मुळात पितळेचं पातेलं. स्पर्धा सुरू करणाऱ्या जुन्या सरांनी आपल्या लग्नात आलेलं पातेलं घरातून उचललं, डाग देऊन त्याला दोन कान बसवले आणि खाली लाकडी बैठक लावली. ढिली बैठक निघाली की बुडाला आजही वाचता येतं, ‘मामाकडून सप्रेम भेट’. कोण जिंकलं, असं विचारलं की आम्ही पोरी ओरडायचो, “मामा!”

पोटावर दर वर्षी जिंकणाऱ्या शाळेचं नाव कोरतात. आम्ही जिंकलो तेव्हाचं नाही. त्या वर्षी चषक आधीच्या विजेत्या शाळेच्या कपाटात होता आणि किल्ली घेऊन त्यांचे कारकून लग्नाला गेले होते. फोटोपुरता कॅरमचा कप माझ्या, म्हणजे कर्णधाराच्या, हातात दिला आणि मंचावरून उतरायच्या आत काढून घेतला. पुढच्या वर्षी चषक थेट दुसऱ्यांकडे गेला.

यंदा आमच्याच शाळेचे तरुण सर तो घेऊन माझ्या कर्जतच्या दुकानात आले. डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव भांडी विकत मी हे दुकान उभं केलंय. भांड्यांवर नावं मीच घालते.

“मावशी, आपली शाळा पहिल्यांदाच जिंकली!”

“पहिल्यांदाच?” माझा आवाज समोरच्या रिक्षा स्टँडपर्यंत गेला असणार. सरांना सगळं ऐकवलं. ते पातेलं फिरवून बघत म्हणाले, “पण एकाच ओळीची जागा उरलीय.”

“मग ती आमची.”

“बक्षीस समारंभ उद्या आहे हो!”

मी चषक माझ्या बाजूला ओढला. गिऱ्हाइकाशी मी इतकं ताणत नाही, कारण गिऱ्हाईक उठून जातं. सरांना उठून जाता येत नव्हतं.

तेवढ्यात डबे बघायला आलेली माझ्या जुन्या संघातली मैत्रीण हसायला लागली. “अगं, पोरींची ओळ खानार काय तू? मंग तुझ्यात नि त्या किल्लीवाल्यात फरक काय गं?”

राग आला, कारण ती बरोबर होती. मशीन लावून मी यंदाच्या पोरींची ओळ कोरली. मग लक्षात आलं, पातेलं आहे तर झाकणही हवंच की! फळीवरून मापाचं पितळी झाकण काढलं आणि त्यावर शाळा, साल आणि आमच्या संघातल्या सगळ्यांची नावं गोल घातली.

“तुझं जरा मोठं दिसतंय,” मैत्रीण म्हणाली.

“कर्णधार होते मी.”

“झाकणाचं काय घेणार?” सरांनी घाबरत विचारलं.

“काही नाही. उद्या पेढे यातूनच वाटायचे.”

दुसऱ्या दिवशी प्रत्येक पोरगी आधी आमची नावं उचलत होती, मग पेढा. किल्लीवाल्या शाळेचे पाहुणे आले तेव्हा झाकण मी स्वतः दाबून घट्ट बसवलं. निघेना, म्हणून त्यांना ते बराच वेळ वाचावं लागलं.