पेशंटच्या जागी

किस्से कोणी जमवत नाही हो. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला दोन पोरी एका खोलीत राहिल्या, की ते पलंगाखालच्या धुळीसारखे आपोआप साचतात. मंगलाचा विषय निघाला म्हणून सांगते, नाहीतर एका जागी बसणं मला जमत नाही.

मंगला कामठ्याची, माझी रूममेट. कुडव्याला आमची भाड्याची खोली. मागच्या परीक्षेत ती अनाटॉमीत लटकली होती. तिच्या बाबांनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "यंदा लटकली तर पुस्तकं बांध आन् घरी ये. आत्यानं पोरगा पाहून ठेवला हाये."

तेव्हापासून ती बसून वाचतच नव्हती. पुस्तक हातात आणि खोलीभर येरझारा. तिच्यापायी मलाही चैन नाही!

•

एकदा अनाटॉमीच्या मॅडमनी कॉलेजातल्या सांगाड्याचा डावा हात दाखवायला सांगितला. मंगलानं समोर उभं राहून आपल्या डाव्या बाजूचा धरला. म्हणजे त्याचा उजवा! मॅडम कडाडल्या, "पेशंटचा डावा विचारला, तुझा नाही! त्याच्या जागी जाऊन उभी राहा!"

मंगला खरंच गेली. सांगाड्याला खेटून, त्याच्यासारखेच तळवे पुढे करून उभी राहिली. "हा डावा, मॅडम." बरोबर! तीच सवय लागली. डावं-उजवं निघालं, की ही उठून पेशंटच्या बाजूला.

•

मी तरी कुठे शहाणी होते? टेबलावर आडव्या पुतळ्याचं नाक वर दिसलं म्हणून ठोकून दिलं, "नाक सुपिरियर, म्हणजे वरचं!"

मॅडम म्हणाल्या, "अगं, माणूस झोपला तरी डोक्याकडची बाजूच सुपिरियर! मी शीर्षासन केलं तर माझं डोकं इन्फिरियर होईल का?"

मागून मंगला, "करून दाखवा न, मॅडम!"

•

पाठ होईना म्हणून तिनं हाडांची नावं बॉलपेननं माझ्याच हातावर लिहिली. कातडीवरून ती जाता जाईनात. दुसऱ्या दिवशी वॉर्डात एका आजीनं हात धरला. "काय गोंदलं व, बाई?"

"रेडियस आणि अल्ना."

आजीनं दोन्ही नावांवरून बोट फिरवलं. "दोघं? मंग मालक कोणता त्यातला?"

•

घरमालकीण काकूंचे गुडघे दुखायचे. मंगलानं त्यांना पुस्तक दाखवून समजावलं, की गुडघा म्हणजे दरवाजाच्या बिजागरासारखा सांधा.

काकू म्हणाल्या, "असं काय? मंग तेल टाक न त्याच्यात!"

परीक्षेपर्यंत रोज संध्याकाळी मंगला काकूंच्या गुडघ्याला तेल चोळत होती आणि तोंडानं सांध्यांचे प्रकार म्हणत होती.

•

आणि मग व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. माझा आटोपला होता, पण पाय निघेना. दाराच्या फटीतून बघत होते. मंगला खुर्चीत, समोर बाहेरून आलेले सर, बाजूला आमच्या मॅडम. पहिले दोन प्रश्न तिचे चुकले. आता ही चालली कामठ्याला!

सरांनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले. "माझ्या डाव्या हातात अंगठ्याच्या बाजूचं हाड कोणतं? बोट ठेवून दाखव."

मंगला उठली. मला वाटलं, संपलं, बाहेर येते. तर ही टेबलाला वळसा घालून थेट सरांच्या खुर्चीला खेटून उभी!

सर दचकले. "अरे, इकडे कुठे?"

"तुमच्या जागी, सर. आता विचारा."

मॅडमनी कपाळाला हात लावला. पण मंगलानं सरांच्या डाव्या हातावर नेमकं बोट ठेवलं. "रेडियस." मग सर विचारत गेले आणि ही तिथूनच धडाधड सांगत गेली. खांदा, कोपर, मनगट, सगळं! शेवटी सर हसले आणि समोरच्या मार्कांच्या कागदावर लिहू लागले.

ती बाहेर आली तशी मी दंडच धरला. "काय झालं?"

"पास."

"सरांनी सांगितलं?"

"नाही."

"मग तुला कसं कळलं?"

"माझ्या खुर्चीतून कागद उलटा दिसून राहिला होता," मंगला म्हणाली. "तिथून सुलटा दिसला!"