टाकीवरची जागा

तुरतुरीचं कौतुक करायला सगळं गाव बसलंय, तेव्हा निदान मी तरी करणार नाही. टपाल वाटते ती. चाळिशी उलटली तरी चाल तीच, पावलं छोटी आणि वेग हा एवढा! शाळेत मीच चिडवायला ठेवलेलं नाव ते, तर तेही लोकांना गोड वाटलं. ज्यांचं पत्र नसतं त्यांच्याही दारात डोकावून "आज नाही हं काका" म्हणून सांगते. तेवढ्यावर लोक खूश. मी इथे चोवीस वर्षं शिवणयंत्रापुढे पाठ मोडून घेतेय, कपडा वेळेवर दिला तरी माणसं बाही ओढून बघतात.

शाळेत आम्ही तिघी होतो. तिसरी आता सिनेमे काढते, तेव्हा नुसती ठेंगी होती. शाळेमागे पाण्याची उंच टाकी, तिला लोखंडी शिडी. शाळा सुटली की ठेंगी आणि तुरतुरी सरसर वर. मला उंचीची भीती, म्हणून मी खाली तिघींची दप्तरं राखत बसायची. वरून दोघींचं खिदळणं ऐकू यायचं. काय हसत होतात म्हणून विचारलं की ठेंगी म्हणायची, "ते वरचं आहे गं, तुला नाही कळायचं." अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा माझ्या.

एक दिवस गेले मुख्याध्यापिकांकडे आणि सांगून टाकलं. वाटलं, शिडीला कुलूप लागेल आणि तिघी खाली बसू. झालं भलतंच. ठेंगीच्या वडिलांनी तिला त्याच आठवड्यात दुसऱ्या गावी आत्याकडे धाडलं. निघताना तिनं मला विचारलं, "कुणी सांगितलं गं?" मी नुसतं तुरतुरीच्या घराकडे बघितलं.

तेव्हापासून ठेंगी पत्रं लिहायची ती मला. हातात फोन आले तरी तिनं सवय सोडली नाही. आणि गेली अठरा वर्षं ती पत्रं आणून कोण द्यायचं? तुरतुरी! "घे बाई, तुझ्या मैत्रिणीचं." मी मुद्दाम तिच्यासमोर पाकीट फोडायची आणि हसत हसत वाचायची. ती जरा वेळ थांबायची, मग पुढच्या दारी जायची.

गेल्या वर्षी ठेंगीचा सिनेमा आला, लहानपणच्या मैत्रीवरचा. गावच्या थिएटरात तुरतुरीनं आणि मी शेजारी बसून बघितला. माझा जीव टांगणीला लागलेला. आता टाकीवर तुरतुरी दिसणार आणि सगळं गाव टाळ्या पिटणार!

शिडी दिसली. दोन मुली चढल्या. दुसरीला माझ्यासारख्या दोन वेण्या, माझ्यासारखाच जाड चष्मा. टाकीवर मी! अहो, मला स्टुलावर चढून दिवा बदलता येत नाही. ठेंगीनं तुरतुरीला खाली उतरवून तिच्या जागी मला बसवलं होतं. खाली दप्तरं सांभाळत होती ती तुरतुर चालणारी मुलगी, आणि मुख्याध्यापिकांच्या खोलीत शिरली तीही तीच.

खरं सांगते, आधी मला आनंद झाला. मग शेजारी बघितलं. तुरतुरीच्या हातातले शेंगदाणे हातातच राहिले होते.

बाहेर पडताना वाणी ओरडला, "काय गं चुगलखोर, आमची पत्रंबित्रं फोडत नाहीस ना?" लोक हसले. तीही हसली. दुसऱ्या दिवशी समोरच्या म्हातारीनं मात्र आलेलं पाकीट उजेडाकडे धरून चिकटवलेली कड तपासली, तुरतुरीच्या देखत. मी खिडकीतून बघत होते.

आठवड्यानं ठेंगीचं पत्र आलं. 'तू होतीस म्हणून हा सिनेमा झाला,' असं लिहिलेलं. माझं वाचून झालं तरी तुरतुरी हलली नाही.

"माझ्याबद्दल काही?"

अठरा वर्षांत पहिल्यांदा विचारलं तिनं.

"नाही गं," मी म्हटलं.

"बरं." पिशवी खांद्यावर चढवून ती निघाली.

त्या दुपारी मी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. त्या उसवल्या आणि ठेंगीला पत्र लिहायला बसले. 'टाकीवर ती होती. खाली मी होते. सांगितलं तेही मीच.' तोंडानं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून पाकीट न चिकटवताच दुसऱ्या दिवशी तुरतुरीच्या हातात दिलं.

"अगं, उघडंच आहे की हे."

"वाच हवं तर."

"दुसऱ्याचं पत्र मी नाही वाचत," ती म्हणाली. माझ्याच शिवणयंत्रावर ठेवून तळहातानं दाबून दाबून तिनं ते चिकटवलं.

पंधरा दिवसांनी ती आली ती जवळजवळ धावतच. हातात जाडजूड पाकीट, अक्षर ठेंगीचं. मी सवयीनं हात पुढे केला.

"तुझं नाही गं. माझंय!" डोळे भरले होते तिचे.

"मग फोड की."

"इथे नको. घरी जाऊन वाचते." पाकीट पिशवीत न टाकता तिनं हातातच धरलं. जाता जाता वळून म्हणाली, "तुला आज नाही हं."

आधी जळफळाट झाला माझा. मग बरं वाटलं, पण आधी जळफळाट. त्याला आता आठ महिने झाले. तुरतुरी रोज माझ्या दारात डोकावते आणि तेच सांगते.