मागच्या सीटवरचा जवाब

त्या संध्याकाळी रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या बाबांच्या घरून निघताना मी नेहमीसारखं दारातून म्हटलं, "बाबा, मी जाते." आतून आवाज आला, "हव, जाय. आरामानं चालवजो." दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या दुकानवाल्या भैयाचा फोन... "दीदी, काकाजी उठ नहीं रहे हैं. आप आ जाओ." याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे विचारतात, शेवटचं बोलणं झालं होतं ना? झालं होतं. त्याच आधारावर मी उभी आहे.

बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते. समोर सिग्नल दिसला की इंजिनात ड्रायव्हर आणि असिस्टंट तो मोठ्यानं बोलतात. एक "हरा" म्हणाला की दुसऱ्यानं स्वतः बघून "हरा" म्हणायचंच. बाबांनी ही शिस्त घरीही आणली. लुनावर मला पुढे उभं करून ते शाळेत सोडत, तेव्हा मी त्यांची असिस्टंट. चौकात मी "लाल" ओरडायची आणि ते अगदी गंभीरपणे "लाल" म्हणायचे. घरात कोणी हाक मारली आणि ओ द्यायला उशीर झाला, की "असिस्टंट झोपला काय?" म्हणून विचारणा व्हायची.

अभनपूरच्या एका छत्तीसगढी मुलाशी मी लग्न ठरवलं, तोवर आई गेली होती. बाबा एवढंच म्हणाले, "आपल्या लोकाईत पोट्टे नव्हते काय?" आणि भिंतीकडे तोंड करून बसले. बॅग घेऊन मी दारातून म्हटलं, "बाबा, मी जाते." मी थांबले. पुन्हा म्हटलं. त्या घरात आवाजाला जवाब न येण्याची ती पहिली वेळ होती. नंतर कित्येक वर्षं आम्ही एकाच रायपुरात राहिलो आणि एकमेकांच्या दारात पाय ठेवला नाही. हट्टात मीही काही कमी नव्हते, लेक त्यांचीच.

मग त्या भैयाचाच फोन आला. काकाजींना मोतीबिंदू झालाय, दवाखान्यात न्यायला कोणी नाही. मी रागातच गेले. बाबा स्कूटरवर मागे बसले. चौकात गाडी थांबवली, तेव्हा मागून हळू आवाज आला, "कोनता हाय?... मले दिसून नाही राहिलं."

हिवाळ्याच्या धुक्यात लांबूनच सिग्नल ओळखणारा माणूस हे विचारत होता. कसंबसं "लाल" म्हटलं. मागून जवाब आला, "लाल." थोड्या वेळानं मी "हरा" म्हटलं. "हरा." दवाखान्यापर्यंत प्रत्येक चौकात असंच चाललं.

ऑपरेशन झाल्यावर, डोळ्यावर पट्टी असतानाच, चहा पिता पिता ते म्हणाले, "तू त्या दिवशी दोनदा आवाज देला. मी जवाब नाही देला. इंजिनात असं केलं असतं तं मले उतरवून देलं असतं."

"मग मी उतरवूनच ठेवलं होतं ना तुम्हाला, इतकी वर्षं!" मी म्हटलं. दोघंही हसलो आणि मग मला रडू आवरेना. बाबांनी चाचपडत माझा हात शोधला आणि चहा निवेपर्यंत धरून ठेवला.

पुढे त्यांना सगळं स्वच्छ दिसू लागलं. जावयाशी मात्र ते शेवटपर्यंत हिंदीत आणि बहुतेक ऊन-पावसाबद्दलच बोलले, पण अभनपूरला माझ्या सासरी सणाला यायचे. माझ्याच स्कूटरवर. वाटेतला एकही सिग्नल आम्ही जवाबाशिवाय ओलांडला नाही. शेजारचे गाडीवाले वळून बघायचे. बाबांना त्याचं काही नसे. मी विसरले तर खांद्यावर बोट टोचायचे.

आता ऑफिसला एकटी जाते. चौकात दिवा बदलला की तोंडून "हरा" निघतंच, आणि जवाबासाठी मी थांबते... मागचे हॉर्न वाजवू लागतात. मग मीच दुसऱ्यांदा "हरा" म्हणते आणि गाडी काढते.