कंदिलावरचं बाळंतपण

शिमगा आला तरी मुक्ताबाईच्या पडवीतला आकाशकंदील काही उतरला नव्हता. संगमनेरच्या अलीकडं वस्तीवर एकटी बाई, एक गाय, नि सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. तिला बोलणार कोण? शेजारची झुंबरबाई तेवढी बोलायची, "तुजी दिवाळी संपना व्हय गं अजून?" मुक्ताबाई फणकारायची, "हर्षलनं लावलाय, हर्षलच उतरवील." हर्षल म्हणजे तिचा एकुलता एक पोरगा. भाऊबीजेला पुण्याला गेला तो गेलाच. फोन आला तर आला, तोही "बरी हायेस ना" एवढ्यापुरता.

अशात कंदिलाच्या शेपटीला एक एवढीशी पाखरीण घरटं बांधायला लागली. पाठ मातकट हिरवी, पोट पिवळं, चोच बारीक नि वाकडी. कोळ्याची जाळी आणून चिकटवायची, वर पाचोळा लावायची. बाळंतिणीला त्रास नको म्हणून मुक्ताबाई मागच्या दारानं ये-जा करू लागली. एक काळंनिळं, उन्हात जांभळं चमकणारं पाखरू मात्र सारखं घिरट्या घालायचं. अंडी पळवायला टपलंय मेलं, असं म्हणत तिनं त्याच्यावर केरसुणीच उगारली.

मग दोघांचे फोटो काढून तिनं हर्षलला धाडले. तासाभरात फोन!

"आई, शिंजीर आहेत ते. काळा तिचा नवरा. तो अंड्यांवर बसत नाही, पण पिल्लांना भरवतो. हाकलू नको त्याला."

"अगं बाई! बापालाच झोडपत हुते की रं मी!"

हर्षल खो खो हसला. किती महिन्यांनी ऐकलं तिनं ते हसू!

मग रोज संध्याकाळी फोन. अंडी फुटली का? बाप येतो का? मुक्ताबाई रंगवून रंगवून सांगायची. फोन चुकू नये म्हणून दूधसुद्धा घाईनं घालून यायची.

आणि एका सकाळी पिल्लं उडाली. दिवसभर तिचं कशात लक्ष लागेना. पाखरांचं दुःख नव्हतं, खोटं कशाला बोला. आता फोन बंद होणार, त्याचा तिनं धसका घेतला होता. संध्याकाळी हर्षलनं विचारलं तर म्हणाली, "पिल्लं नुसती खात्यात दिवसभर." दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आई, रविवारी येतो. बघायचीच आहेत मला. असतील ना तोवर?"

मुक्ताबाईनं कंदिलाकडं पाहिलं. रिकामं घरटं वाऱ्यानं हलत होतं.

"असत्याल की," ती म्हणाली. "पिल्लं कुटं जात्यात?"