राजेसाहेबांना परत पोचवायला

मिशिगनमध्ये राहून फ्रँकेनमुथ हे जर्मन वळणाचं गाव न पाहिलेले बहुतेक आम्हीच उरलो होतो. आम्ही राहतो त्या ट्रॉयपासून सव्वा तासाचं अंतर, पण 'कधीही जाता येईल' अशा ठिकाणी कधीच जाणं होत नाही. शेवटी योग आला तो एका राजामुळे. त्याला परत पोचवायचं होतं.

झालं असं की सासूबाई, म्हणजे आमच्या आई, सहा महिन्यांसाठी नागपूरहून आल्या आणि लक्ष्मीपूजनाचं चांदीचं नाणं तिकडे लॉकरमध्येच राहिलं. दिवाळी तोंडावर आलेली, आईंचा जीव खालीवर. माझा नवरा सचिन हे शेजारच्या वॉल्टरकाकांपाशी सहज बोलला. काका ऐंशीच्या घरातले, एकटे, जुनी नाणी जमवणारे. संध्याकाळी ते एक डबी घेऊन आले. आत काळसर पडलेलं जाडजूड जर्मन नाणं होतं. त्यांच्या पणजोबांनी समुद्र ओलांडताना बरोबर आणलेलं.

नाण्यावर जर्मनीतल्या बव्हेरियाचा पहिला लुडविग राजा. चित्रं, पुतळे आणि कविता यांचं त्याला अपार वेड. म्युनिक शहर त्याने संग्रहालयांनी सजवलं. सुंदर स्त्रियांची चित्रं काढून घेऊन महालात एक दालन भरलं आणि त्यात चपला शिवणाऱ्याच्या मुलीलाही बसवलं. शेवटी एका नर्तकीपायी सिंहासन गेलं. "तुमच्या देवीशेजारी बसायला त्याला नक्की आवडेल," काका हसत म्हणाले. मी आईंना सगळं सांगत गेले. चपला शिवणाऱ्याच्या मुलीपाशी त्या थबकल्या. "मग बरा माणूस होता," म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या घरात तो राजेसाहेब झाला.

पूजेच्या दिवशी मी ऑफिसमधून आले, तर राजेसाहेब चौरंगावर आरशासारखे चकाकत होते. आईंनी त्यांना चिंचेच्या कोळात भिजवून, वर दंतमंजन लावून लख्ख घासलं होतं. त्यांचं तरी काय चुकलं? काळं नाणं लक्ष्मीपुढे कोण ठेवतं? पण जुनं नाणं कधी घासू नये, हे काकांनी आम्हा दोघांना पुन्हा पुन्हा ऐकवलेलं. त्यांच्या लेखी तो काळेपणा म्हणजेच नाण्याचं आयुष्य. सचिनचा चेहरा पडला. आईंना सांगायची हिंमत ना मुलाला झाली ना सुनेला. त्यातच काका फ्रँकेनमुथला बहिणीकडे कायमचे राहायला गेले आणि फोन आला, "शनिवारी इकडेच या, जेवायला. राजालाही आणा."

शनिवारी सकाळी आय-पंचाहत्तर महामार्गाने उत्तरेला निघालो. फ्लिंट मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेतं सुरू झाली, त्यांवर धुकं असं की रस्ता पुढे आहे यावर विश्वासच ठेवायचा. जाणाऱ्यांसाठी सूचना: बर्च रनच्या एक्झिटला आउटलेट मॉलची गर्दी असते, लवकर निघा. मागच्या सीटवर आई स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आत बेसनाचे लाडू आणि वर रुमालात गुंडाळलेले राजेसाहेब. "कोणाची वाटीसुद्धा रिकामी परत करत नाही आपण," त्या म्हणाल्या, "इथे तर राजा आहे."

"तू सांग ना यार काकांना," सचिन हळूच म्हणाला.

"आई तुझी आहे."



गाव म्हणजे कुणीतरी झोपेत रचल्यासारखं. लाकडी पट्ट्यांची उतरत्या छपरांची घरं, मनोऱ्यात वाजणाऱ्या घंटा, घोडागाड्या, आणि नोव्हेंबरमध्येच लागलेले नाताळचे दिवे. इथलं चिकन प्रसिद्ध आहे, माणशी वीसेक डॉलरमध्ये वाडगे संपले की पुन्हा वाढतात. आईंचा शनिवार, म्हणून त्यांनी नूडल्स, कोबीची कोशिंबीर आणि पाव-जॅमवर भागवलं, आणि कोबीत मोहरीची फोडणी हवी होती असं मत दिलं. काका खूश होते. मी मात्र सारखी आईंच्या डब्याकडे बघत होते. एकट्या म्हाताऱ्या माणसाने विश्वासाने दिलेली वस्तू होती ती.

जेवण झाल्यावर काकांनी आम्हाला नदीवरच्या छप्पर असलेल्या लाकडी पुलावर नेलं. फ्रँकेनमुथला गेलात तर इथे नुसतं उभं राहायला वेळ ठेवाच. आत अंधूक उजेड, ओल्या लाकडाचा वास, खाली संथ पाणी. हे गाव वसवणारे लोक त्याच राजाच्या राज्यातून आलेले. त्यांच्यातल्या कुणाकुणाच्या कोटाच्या खिशात हाच चेहरा असेल, आणि बोटीवर झोप येईना म्हणून कुणी त्यावरून अंगठा फिरवत बसलं असेल. मी त्या तंद्रीत असतानाच आईंनी डबा उघडून काकांपुढे धरला.

काकांनी रुमाल सोडला. नाणं त्या अंधारातही चमकलं. 

"हे घासलंय," ते म्हणाले. "माझ्या पणजोबांचा हात होता त्याच्यावर."

"काय म्हणून राहिले वॉल्टरभाऊ?" आईंनी विचारलं.

सचिन नदीकडे बघायला लागला. मग मीच सांगितलं. खरं तेच सांगितलं. आईंचा चेहरा एवढासा झाला. "मी तर सेवा केली रे त्याची," त्या पुटपुटल्या. मला रडू आलं, काकांसाठी आलं की आईंसाठी, कळेना.

काका चष्मा वर करून नाणं डोळ्यांजवळ नेत होते. राजाच्या कुरळ्या केसांत, कानाच्या वर, काहीतरी लाल अडकलं होतं. "हे काय?"

"कुंकू," मी म्हणाले. "आमच्याकडे देवाला लावतात. राजेसाहेब आईंच्या देवीशेजारी बसले होते ना."

आईंना वाटलं, आता हीही तक्रार. त्या घाईघाईने पदर पुढे करून पुसायला गेल्या, तशी काकांनी मूठ मिटून हात छातीशी घेतला.

"नो, नो," ते म्हणाले. "जुनं नाणं कधी पुसायचं नसतं."

हे भाषांतर करून सांगावं लागलं नाही. आईंनी पदर मागे घेतला, डब्यातला एक लाडू काढून त्यांच्या दुसऱ्या हातावर ठेवला, आणि आम्ही चौघांनी पुलावर तसंच उभं राहून लाडू खाल्ले.

घरी आल्यावर चौरंगावरची जागा काही दिवस ओकीबोकी वाटली. मग आई परत गेल्या. काकांनी परवा ईमेलने फोटो पाठवला. राजाच्या गालावर पुन्हा जराशी सावली धरायला लागली आहे, केसांतला लाल ठिपका जिथल्या तिथे. मी नागपूरला फोन करून आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "होऊ दे म्हणा काळे. आता माझाही हात आहे त्यांच्यावर."