धोका कोणापासून

रिव्हॉल्व्हर घ्यावं असं मला साठी उलटल्यावर वाटलं. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगाच नाही. रत्नागिरीपासून जरा बाहेर आमची कलमांची बाग आहे. निवृत्त झाल्यावर मी तिथल्या घरात राहायला आलो. बायको नातवासाठी पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. मग पलीकडच्या वाडीत एका म्हाताऱ्या जोडप्याला भरदुपारी बांधून घालून चोरांनी घर लुटलं, तेव्हापासून मला घरात एकट्याने बसवेना. माकडं हाकायला इथे पुष्कळ बागायतदारांकडे बंदूक असते, पण मला कमरेला लावता येईल असं काहीतरी हवं होतं. खरं सांगायचं तर थोडा रुबाबही हवा होता.

अर्ज लिहून घ्यायला मी कोर्टाजवळच्या टायपिस्टाकडे गेलो. "जीवितास धोका कोणापासून?" त्याने विचारलं.

"चोरांपासून."

तो हसला. "काका, चोरांपासून धोका सगळ्या गावाला असतो. असले अर्ज पडून राहतात. कुणाचं तरी नाव द्या. भाऊबंदकीतला दावाबिवा असेलच की."

दावा होताच. आमच्याकडे दावा नसलेलं घर शोधूनच काढावं लागेल. माझा चुलत भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, त्याला मी दादा म्हणतो. त्याची बाग माझ्या बागेला लागून, मध्ये जांभ्या दगडांचा गडगा. हा गडगा दोन हात इकडे की तिकडे, यासाठी आम्ही अकरा वर्षं कोर्टात भांडत होतो. मी वादी, तो प्रतिवादी. तारखेला दोघं एकाच एसटीने जायचो. जो आधी चढेल त्याने दुसऱ्यासाठी जागा धरायची, आणि वकिलांचं भांडून झालं की दोघांनी मिळून मिसळ खायची.

माझ्या दाव्यात वकिलाने लिहिलं होतं, 'प्रतिवादीने वादीस कोयता दाखवून जीवे ठार मारण्याची धमकी दिली.' त्या दिवशी दादाच्या हातात कोयता होता हे खरं, पण तो माझेच नारळ सोलून देत होता. हे वाक्य कोर्टात वाचलं गेलं तेव्हा आम्ही दोघांनी माना खाली घालून हसू दाबलं होतं. पुढे नारळ घेऊन आला की तो म्हणायचा, "घे मेल्या, ही तुझी धमकी." दाव्यातली भाषा अशीच असते, ती कोणी घरी आणत नाही.

त्याच दाव्याची नक्कल मी टायपिस्टापुढे ठेवली. त्याने रकान्यात दादाचं नाव घातलं आणि मी सही केली. हात जरासुद्धा अडखळला नाही, याची आज लाज वाटते.

दोनेक महिन्यांनी चौकशीला हवालदार आला. तो आधी दादाकडे गेला, अर्ज त्याला वाचून दाखवला, त्याचा जबाब घेतला आणि मग माझ्याकडे आला. "तुमचे भाऊ भले माणूस आहेत हो," तो म्हणाला. "म्हणाले, तो एकटा असतो, घाबरतो, त्याला परवाना देऊन टाका. तसं लिहूनपण दिलंय."

तेव्हाच मी अर्ज मागे घ्यायला हवा होता. मी हवालदाराला चहा दिला आणि परवाना साधारण कधी हातात पडेल ते विचारलं.

संध्याकाळी दादाकडे गेलो. तो पडवीत सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, "कोर्टात लिहिलंस ते कोर्टाचं. पण बंदूक काय कोर्टात चालवणार नायस तू."

"दादा, नुसतं नाव लागतं म्हणून दिलं."

"होय रे, नाव लागतं. दुसरं कुणाचं सुचलं नाय तुला."

मी उठून घरी आलो. त्यानंतरच्या तारखेला तो आधीच्या एसटीने निघून गेला.

परवाना आला, आणि तरीही मी हट्टाने कोल्हापूरला बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने कपड्यावर दोन रिव्हॉल्व्हरं मांडली. एक लांब नळीचं आणि जड, दुसरं आखूड आणि हलकं. मी दोन्ही उचलून पाहिली. पायजमा घेतानासुद्धा मी याहून जास्त विचार करतो. तो म्हणाला, "साहेब, आधी मला अंतर सांगा. समोरचा माणूस तुमच्यापासून किती लांब असेल असं धरायचं?"

"तीस पावलं," मी पटकन म्हणालो.

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ही माझ्या ओसरीपासून गडग्यापर्यंतची पावलं आहेत. चोर यायचे ते रस्त्याच्या बाजूने येतील. गडग्यावरून आजवर एकच माणूस आलेला आहे. दुकानदार म्हणाला, तीस पावलांवर असल्या रिव्हॉल्व्हरचा नेम लागत नाही, हे अगदी जवळच्या माणसासाठी असतं. मी हलकं रिव्हॉल्व्हर घेतलं आणि घरी आलो.

ते मी एकदाही चालवलं नाही. चोरही आले नाहीत. निवडणूक लागली तेव्हा नियमाप्रमाणे ते पोलीस ठाण्यात जमा केलं. घरी परतताना इतकं हलकं वाटलं की पुन्हा आणायला गेलोच नाही. परवाना रद्द करा म्हणून लिहून दिलं, दावा काढून घेतला, आणि दादाला जाऊन दोन्ही सांगितलं. "बरं केलंस," तो म्हणाला. चहाही दिला. मला वाटलं, मिटलं.

पूर्वी दादा माझ्याकडे हाक न मारता यायचा. मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात शिरायचा, डबे उघडून काय आहे ते बघायचा आणि मग मला विचारायचा, घरात आहेस काय. रिव्हॉल्व्हर आल्यापासून तो गडग्यापाशी थांबून ओरडायला लागला होता, "मी आहे रे, येऊ काय?" आता हे थांबेल अशी माझी समजूत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला आणि गडग्यापाशी थांबला.

"मी आहे रे, येऊ काय?"

"ये की दादा," मी ओसरीवरून ओरडलो. "आता काही नाही माझ्याकडे."

"होय, माहीत आहे," तो म्हणाला, आणि दोन्ही हात मला दिसतील असे पुढे धरून अंगणातून चालत आला.