दोन माणसांचा पत्रा

असे किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. जालन्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये कटिंग मशीनखाली पत्र्याच्या चिंध्या साठतात, तसे हे साठत जातात. पायाला एखादी लागली की लक्ष जातं. मी तिथे मशीनच्या सेटिंगचं काम बघतो, शिकलो तेही बघून बघूनच. घरी गेल्यावर दिवसभरातलं चार ओळींत लिहायची सवय आहे, त्यामुळे कोण काय बोललं ते सहसा विसरत नाही.

आमचं मुख्य काम पत्रा वाकवायचं. खाली साचा, वर पंच. मध्ये पत्रा ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, पंच खाली येतो आणि पत्रा वाकतो. लांब पत्र्याला दोन माणसं लागतात. एक धरतो, एक दाबतो. धरणारा ‘दाब’ म्हणेपर्यंत दाबणाऱ्याने पेडलवर पाय ठेवायचा नाही, हा आमच्या शेडचा कायदा. धरणारा वडीगोद्रीचा यशवंता, दाबणारा टेंभुर्णीचा कडुबा. कित्येक वर्षं हीच जोडी.

*

जुन्या मशीनवरची गोष्ट. यशवंता ‘दाब’ म्हणाला, कडुबाने दाबलं, आणि तेवढ्यात शीट तिरकी वाटली म्हणून यशवंताने हात पुढे नेला. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली.

कडुबाची काही चूक नव्हती. हे सगळे म्हणाले, सगळ्यांच्या आधी यशवंताच म्हणाला. पण कडुबा दवाखान्यातल्या बाकावर बसून होता, त्याला चहा दिला तर तो हातातच गार झाला.

टाके घालून झाल्यावर आम्ही आत गेलो. यशवंताने डोळे उघडले, कडुबाकडे पाहिलं आणि विचारलं, “शीट तिरकी गेली का रे?”

कडुबा बाहेर निघून गेला.

*

यशवंता बरा होऊन कामावर आला तेव्हा कडुबा डबा घेऊन लांब, गेटजवळच्या पिंपाआड बसायला लागला होता. आधी दोघांचा डबा एकच असायचा. एकाची भाकरी, दुसऱ्याचा ठेचा.

यशवंताने दोन-चार दिवस पाहिलं. मग सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाला, “कड्या, बोटं माझी गेली. भूक तुझी कशी गेली?”

आम्ही हसलो. कडुबाने डबा झाकला.

*

शेठ म्हणजे आमचे मालक, राहणार मस्तगड. त्यांनी जुनं मशीन काढून टाकलं आणि नवं आणलं. त्याला कंट्रोलर होता. स्क्रीनवर पत्र्याची जाडी भरा, लांबी भरा, कोन भरा, पंच आणि साचा निवडा; किती खाली जायचं ते मशीन स्वतः काढतं.

उद्घाटनाला शेठ खुशीत होते. “आता मशीनलाच डोकं आलं. माणसाला काय काम उरलं?”

कडुबा मागून म्हणाला, “डोकं आलं शेठ. पाय तर माणसाचाच लागतो.”

पेढे वाटणं चालू होतं, पण शेठचा हात जरा थांबला.

*

झालं असं, की अपघातापासून दुसऱ्याने पत्रा धरला असेल तर पेडल दाबायचं नाही, असं ठरवून कडुबा स्क्रीनसमोर बसायला लागला आणि सगळी फंक्शन्स शिकला. पहिल्या दिवशी मी जाडी भरली ती बिलावरची. नव्वदचा कोन उघडाच राहिला, काटकोन तपासायचा गुण्या लावला तर मधून उजेड दिसत होता. कडुबाने पत्रा मापून घेतला. तो बिलात लिहिल्यापेक्षा पातळ निघाला. त्याने खरी जाडी टाकली, पत्रा वाकल्यावर थोडा परत उठतो त्याची दुरुस्ती टाकली, आणि कोन बरोबर बसला.

लहान तुकडे तो एकटा वाकवायचा, कारण तिथे हात त्याचेच असायचे. लांब पत्रा आला की सगळं भरून द्यायचा आणि खुर्चीवरून उठायचा. “आता दाबा कुणीतरी.”

शेठ वैतागले. “स्वयंपाक करतो अन् ताटावर बसत न्हाई, असा कसा रे तू?”

एकदा मी खूप आग्रह केला तेव्हा तो पेडलवर उभा राहिला, पण पंचाचा वेग पार खाली आणून. पंच इतका हळू उतरत होता की शेठ ऑफिसातून बाहेर आले, पाहत राहिले आणि म्हणाले, “हा पत्रा वाकून राह्यला का झोपून राह्यला?”

कडुबाने पाय काढून घेतला. पत्रा अर्धाच वाकला होता.

*

नव्या मशीनला लेझरचा डोळा आहे. पंचाच्या खालून किरण जातो, मध्ये काही आलं की पंच जागच्या जागी थांबतो. पत्र्याच्या अगदी जवळ आल्यावर मशीन हळू होतं आणि डोळा मिटतो, नाहीतर पत्रा दिसला तरी ते थांबेल. हे मी कडुबाला समजावून सांगत होतो.

“म्हंजे शेवटी मिटतोच ना?”

“मिटतो. पण तेव्हा फट बोटापेक्षा कमी असते.”

“कुणाच्या बोटापेक्षा?”



*

एका सकाळी मशीन चालेचना. पंच निम्मा खाली यायचा आणि थांबायचा. पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला जाडी बघा, पंचाची उंची बघा, हळू होण्याचा पॉइंट बघा. मी एकेक फंक्शन उघडून वाचून दाखवत होतो, सगळं बरोबर होतं. शेठ घड्याळ बघत येरझारा घालत होते.

यशवंता चहा घेऊन आला, मशीनकडे वर पाहिलं आणि म्हणाला, “भाऊ, ह्याला लिंबू आडवं येऊन राह्यलं.”

दृष्ट लागू नये म्हणून शेठनेच आदल्या दिवशी अमावास्येला पंचाच्या दांडीला लिंबू-मिरची बांधली होती. पंखा फिरला की लिंबू हलून किरणात यायचं. मशीनला ते बोट वाटायचं!

लिंबू काढलं, काम सुरू झालं. जेवणाच्या सुट्टीत मात्र मशीनचा आवाज येत राहिला म्हणून मी आत गेलो. कडुबा एकटाच होता. लिंबू दोऱ्याला बांधून तो पंचाखाली धरत होता आणि पेडल दाबत होता. पुन्हा पुन्हा.

“काय चाललंय?”

“लिंबू कापतं का बघून राह्यलो.”

“कापलं का?”

“अजून न्हाई.”

*

मग पेरणी यंत्रांच्या बियाण्याच्या पेट्यांचं काम आलं. लांबलचक पेट्या, प्रत्येक पत्रा दोन माणसांचा, आणि पेरणीच्या आत द्यायच्या. शेठने निरोप दिला. उद्यापर्यंत कडुबा पेडलवर उभा राहिला तर ठीक, नाहीतर वाळूजहून ऑपरेटर येतोय. मग कडुबाने गावी शेती बघावी.

लेझरच्या डोळ्यामुळे वेळ जातो, तो बंद ठेवा, असंही ते म्हणाले. बंद करायची चावी माझ्याकडे असते. मी ती त्यांच्यापुढे धरली. “घ्या शेठ. बंद करा अन् पत्रा तुम्ही धरा.”

शेठने चावीकडे पाहिलं आणि ते ऑफिसात गेले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कडुबाने सगळी फंक्शन्स भरली. एकदा भरली, पुन्हा पहिल्यापासून तपासली. यशवंताने पत्रा साच्यावर ठेवला, मागच्या टेक्याला भिडवला आणि हात मागे घेतले. कडुबा पेडलपाशी जाऊन उभा राहिला. त्याचा पाय उचलेना. वाळूजचा ऑपरेटर बॅग खांद्याला लावून दारात उभा होता, शेठ त्याच्या शेजारी.

यशवंता पत्रा सोडून फिरून आला. “सरक.”

“काय?”

“तू धर. मी दाबतो.”

कडुबाने जाऊन पत्रा धरला. टेका पाहिला, बोटं मागे घेतली आणि म्हणाला, “दाब.”

यशवंताने पाय ठेवला, पण दाबलं नाही. “हात मागं घे.”

“घेतले.”

“अजून घे.”

“अजून घेतले तर पत्रा कोण धरणार? दाब.”

यशवंता कडुबाच्या हातांकडे बघत राहिला.  शेवटी त्याने दाबलं. पंच उतरला, हळू झाला, पत्रा वाकून वर आला. यशवंताने कपाळ पुसलं. 

“हे लई अवघड हाय रे, कड्या.”

“मंग? मी काय नखरे करून राह्यल्तो का?”

 यशवंताने दुसरा पत्रा उचलला, साच्यावर ठेवला आणि धरणाऱ्याच्या जागी जाऊन उभा राहिला. कडुबा पेडलकडे आला.

“दाब,” यशवंता म्हणाला.

कडुबाने दाबलं.

पत्रा बाहेर काढून दोघांनी टेबलावर ठेवला. कडुबाने गुण्या लावला. यशवंताने वाकून पाहिलं आणि विचारलं, “शीट तिरकी गेली का रे?”

कडुबाने गुण्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत नेला.

“न्हाई,” तो म्हणाला. “बराबर गेली.”